‘सेल्डम’ : येणं मोजायचं की न येणं?

दिग्रस तालुक्यातल्या एका खेड्यातून स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलीनं विचारलं आहे : "मॅडम, माझी शाळा मराठी माध्यमाची. एका गाइडात सेल्डमचा अर्थ ‘कधीकधी’ दिला आहे, दुसऱ्यात ‘क्वचित’, तिसऱ्यात चक्क ‘कदाचित’. ‘ही सेल्डम कम्स टू स्कूल’ या वाक्याचा क्वेश्चन टॅग मी ‘डझन्ट ही’ लिहिला. आन्सर कीमध्ये ‘डज ही’ आहे. वाक्यात नॉट कुठंच नाही. तो येते तं आहे नं शाळेत! मंग टॅग असा काहून? तीन वाक्यं करून पाहिली, तपासून द्या. एक, ‘इट इज सेल्डम रेनिंग इन मे’. दोन, ‘सेल्डम आय हॅव सीन सच अ क्रॉप’. तीन, ‘माय फादर सेल्डम डझन्ट गो टू द फील्ड’."

बेटा, 28 वर्षं खेड्यातल्या शाळांत इंग्रजी शिकवते आहे. ‘येते तं आहे नं’ हे वाक्य मी इतक्या वर्गांतून ऐकलं आहे की त्याचं उत्तर एकदा नीट, सावकाश द्यावं असं फार दिवसांपासून मनात होतं. तुझी शंका चुकीची नाही. तू वाक्याचा अर्थ लावायचा प्रयत्न केलास म्हणून ती आली. पाठ करणाऱ्याला ही शंका येतच नाही.

‘कदाचित’ आधी बाजूला काढू. कदाचित म्हणजे होईल की नाही याची खात्री नसणं, आणि सेल्डम सांगतो एखादी गोष्ट किती वेळा होते ते. या दोन शब्दांचा एकमेकांशी संबंध नाही. ते गाइड या पानापुरतं तरी मिटून ठेव.

खरा गोंधळ ‘कधीकधी’ आणि ‘क्वचित’ यांत आहे, आणि त्याचं मूळ इंग्रजीत कमी, आपल्या मराठीत जास्त आहे. क्वचित हा शब्द संस्कृतातून आला. क्व म्हणजे कुठे, त्याला चित् लागला की अर्थ होतो कुठेतरी, कधीतरी. म्हणजे मुळात हा शब्द ‘होतं’ असंच सांगणारा आहे. म्हणून मराठीत नुसतं ‘क्वचित पाऊस येतो’ म्हटलं, तर ऐकणाऱ्याच्या मनात थोडा का होईना पाऊस पडतो. पण ‘क्वचितच पाऊस येतो’ म्हणून बघ. त्या एका ‘च’नं आभाळ कोरडं झालं. आता मन पावसाकडे जात नाही, न येणाऱ्या पावसाकडे जातं. सेल्डम म्हणजे हा ‘च’ लागलेला क्वचित. गाइडवाले ‘च’ गाळतात आणि मुलं चार गुण गमावतात.

त्याहूनही जवळचं मराठी तुला सांगते : ‘सहसा... नाही’. ‘ही सेल्डम कम्स टू स्कूल’ म्हणजे ‘तो शाळेत सहसा येत नाही’. मला स्वतःला हेच भाषांतर सगळ्यांत पटतं. बघ, मराठीत ‘नाही’ वाक्याच्या शेवटी उघडं उभं आहे, सगळ्यांना दिसतं. इंग्रजीत तेच ‘नाही’ सेल्डम या शब्दाच्या पोटात आहे. नॉट शोधत तू वाक्यभर फिरलीस, आणि ते सेल्डममध्येच बसलेलं होतं. आपल्या बोलीतलं ‘सठीसहामासी’ घे. ‘त्याचा भाऊ सठीसहामासी घरी येतो’ असं कुणी सांगितलं, तर आपण ‘अरे वा, येतो का!’ म्हणत नाही. ‘काहून बा, येत काहून नाही?’ असंच विचारतो. इंग्रज माणूसही सेल्डम ऐकला की हेच विचारतो.

म्हणून वर्गात मी एवढंच सांगते : समटाइम्समध्ये येणं मोज, सेल्डममध्ये न येणं मोज. दोन्ही मुलगे महिन्यातून तेवढेच दिवस शाळेत आले असतील. ‘ही समटाइम्स कम्स’ म्हणणारा आलेल्या दिवसांकडे बोट दाखवतो, ‘ही सेल्डम कम्स’ म्हणणारा रिकाम्या बाकाकडे.

आता टॅग, म्हणजे वाक्याच्या शेवटी ‘हो ना?’सारखा जोडलेला छोटा प्रश्न. साध्या टॅगचा नियम तुला येतो : वाक्य होकारी असेल तर टॅग नकारी, वाक्य नकारी असेल तर टॅग होकारी. सेल्डमचं वाक्य इंग्रजी भाषा नकारी धरते, म्हणून ‘डज ही’. समटाइम्सचं वाक्य होकारी, म्हणून ‘ही समटाइम्स कम्स, डझन्ट ही’. सेल्डमसोबत रेअरली, हार्डली, स्केअर्सली, बेअरली आणि अर्थातच नेव्हर हे शब्द एका रांगेत बसव. या सगळ्यांच्या पोटात ‘नाही’ आहे. ‘फ्यू’ आणि ‘लिटल’सुद्धा त्याच रांगेतले, मात्र त्यांच्या आधी ‘अ’ लागला की ते उठून होकाराच्या रांगेत जातात. दहावीच्या बोर्डाच्या पेपरापासून स्पर्धा परीक्षांपर्यंत टॅगचा प्रश्न विचारणारा नेमके हे शब्द निवडतो, कारण नॉट न दिसणारं नकारी वाक्य ओळखता येतं का हेच त्याला बघायचं असतं.

पोटातलं नाही एकदा दिसलं की बाकीचे नियम वेगळे पाठ करावे लागत नाहीत. ‘ही सेल्डम सेज एनीथिंग’ असं का, ‘समथिंग’ का नाही? कारण नकारी वाक्यात एनी येतो. एक मैत्रीण म्हणाली, ‘आय सेल्डम वॉच टीव्ही’, आणि तुझंही तसंच असेल, तर तू ‘सो डू आय’ म्हणायचं नाही, ‘नीदर डू आय’ म्हणायचं. आणि होकारी-नकारी रूपांतरात ‘ही सेल्डम कम्स’चं ‘ही डझ नॉट ऑफन कम’ होतं. सेल्डम जाऊन त्याच्या जागी नॉट आणि ऑफन असे दोन शब्द आले. म्हणजे पोटातलं नाही बाहेर काढून वेगळं मांडलं, एवढंच.

इथून तुझ्या दुसऱ्या वाक्याकडे येते, कारण त्याचाही उगम तोच. ‘सेल्डम आय हॅव सीन सच अ क्रॉप’. विचार सुंदर आहे. वावराच्या धुऱ्यावर उभं राहून असं पीक पाहिल्यावर तोंडून निघावं असं ते वाक्य आहे, आणि सेल्डमला सगळ्यांत पुढे आणावंसं तुला वाटलं हेही बरोबर. फक्त इंग्रजीत पोटात ‘नाही’ असलेला असा शब्द जोर देण्यासाठी वाक्याच्या तोंडाशी आणला, की मदतनीस क्रियापद कर्त्याच्या पुढे येतं, जसं प्रश्नात येतं. म्हणून ‘सेल्डम हॅव आय सीन सच अ क्रॉप’. मदतनीस नसेल तर डू किंवा डझ आणावा लागतो : ‘सेल्डम डझ इट रेन हिअर इन मे’. समटाइम्स पुढे आला तर असं काही होत नाही, ‘समटाइम्स इट रेन्स हिअर इन मे’ हेच बरोबर. म्हणजे शब्दाची जागा बदलली की तो होकारी की नकारी हे व्याकरणच उघड करतं. मात्र ही रचना भाषणात, निबंधात शोभते. गप्पांत कोणी बोलत नाही.

मधल्या जागेचं थोडक्यात सांगते, कारण ते कोणत्याही पुस्तकात नीट दिलेलं असतं. सेल्डम मुख्य क्रियापदाच्या आधी येतो, पण ‘बी’च्या रूपानंतर, आणि मदतनीस असेल तर पहिल्या मदतनीसानंतर. ‘ऑरेंज ट्रीज सेल्डम बेअर वेल बिफोर द फोर्थ इयर.’ ‘द बस इज सेल्डम एम्प्टी ऑन मार्केट डे.’ ‘अ कॉटन फील्ड इज सेल्डम पिक्ड ओन्ली वन्स.’ तिन्ही वाक्यं तुझ्या ओळखीची आहेत. संत्र्याची बाग चौथ्या-पाचव्या वर्षाआधी भरात येत नाही, आठवडी बाजाराच्या दिवशी गाडी रिकामी नसते, आणि कपाशीची एकाच वेचणीत सुटका होत नाही. व्याकरणाचं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोरचं असलं की शब्दाची जागा आपोआप लक्षात राहते. लंडनच्या बर्फाची उदाहरणं घोकून ती राहत नाही. मराठीत ‘येतो तो क्वचितच’, ‘तो क्वचितच येतो’, ‘क्वचितच येतो तो’ असं काहीही चालतं. इंग्रजीत तेवढी मोकळीक नाही, हे मान्य करून टाक.

पहिलं वाक्य, ‘इट इज सेल्डम रेनिंग इन मे’. ही चूक खास आपल्या भागाची आहे आणि तिच्याबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे. पुण्याकडचं मूल ‘पाऊस पडतो आहे’ म्हणतं, आपलं मूल ‘पाऊस येऊन राह्यला’ म्हणतं. ‘करून राह्यला’, ‘जाऊन राह्यला’ हे आपल्या तोंडात इतकं बसलं आहे की इंग्रजी बोलताना हात आधी ‘इज’ आणि ‘आयएनजी’कडेच जातो. बोली वाईट नाही. माझ्या आईची तीच होती आणि मी घरी तीच बोलते. पण इंग्रजीतला चालू काळ आत्ता, डोळ्यांसमोर काय घडतं ते सांगतो आणि ‘किती वेळा’ सांगणारे शब्द सवय सांगतात. सवयीला साधा वर्तमानकाळ लागतो. आपल्या बोलीतही हा भेद आहेच. ‘तो वावरात जाऊन राह्यला’ म्हणजे आत्ता निघाला आणि ‘तो रोज वावरात जाते’ म्हणजे सवय. सेल्डमला हे दुसरं ‘जाते’ लागतं. म्हणून ‘इट सेल्डम रेन्स इन मे’.

चालू काळाचा एक अपवाद मात्र लक्षात ठेव. ‘ही इज ऑलवेज कमिंग लेट’ हे वाक्य इंग्रजीत चूक नाही, पण त्यात चिडलेला सूर असतो : ‘हा नेहमीच उशिरा येत असतो, कंटाळले बाई!’ आमची मुलं साहेबांसमोर भोळेपणानं ‘सर, यू आर ऑलवेज टीचिंग अस ग्रामर’ म्हणतात. त्यांना कौतुक करायचं असतं. ऐकणाऱ्याला ती तक्रार वाटते. कौतुकाला ‘यू ऑलवेज टीच’ हवं.

आता प्रमाणाचा प्रश्न, तू विचारला नाहीस तरी तो तुझ्या गाइडांत असणार. ऑलवेज म्हणजे 100 टक्के, ऑफन म्हणजे अमुक, सेल्डम म्हणजे तमुक टक्के असे तक्ते छापलेले असतात. शब्दांची उतरंड समजायला ते ठीक आहेत : ऑलवेज, युजुअली, ऑफन, समटाइम्स, सेल्डम, नेव्हर. पण आकडे घोकू नकोस. ‘चंद्रपुरात मे महिन्यात पारा ऑफन 45 च्या पुढे जातो’ आणि ‘आमच्या गावात बिबट्या ऑफन दिसतो’ या दोन ऑफनचा आकडा एक असूच शकत नाही. बिबट्या महिन्यातून दोनदा दिसला तरी गाव ‘ऑफन’ म्हणेल. मे महिन्यात दोनच दिवस 45 ओलांडले तर चंद्रपूरकर म्हणेल, यंदा ऊन पडलंच नाही. आपण किती अपेक्षा धरून बसलो आहोत त्यावर हे शब्द तोलले जातात. सेल्डमही तसाच, अपेक्षेपेक्षा फार कमी.

आणि फार कमी म्हणजे शून्य नव्हे. ‘इन नागपूर द टेम्परेचर सेल्डम फॉल्स बिलो फाइव्ह डिग्रीज’ हे खरं वाक्य आहे. तिथं नेव्हर घातलं तर ते खोटं होतं, कारण 29 डिसेंबर 2018 ला नागपुरात पारा 3.5 अंशांपर्यंत उतरला होता. त्या आठवड्यातली शेकोट्यांभोवतीची माणसं मला अजून आठवतात. सेल्डम अशा एखाद्या दिवसासाठी दार किलकिलं ठेवतो, नेव्हर ते बंद करतो. शंका राहिली तर ‘सेल्डम इफ एव्हर’ म्हणावं, म्हणजे ‘झालंच तर क्वचित’. ‘सेल्डम ऑर नेव्हर’ही बरोबर. पण ‘सेल्डम ऑर एव्हर’ असं जे ऐकू येतं ते चूक, त्यातून अर्थच निघत नाही. तसंच ‘सेल्डमली’ लिहू नकोस. रेअरली, युजुअली बघून मुलं त्यालाही शेपूट लावतात. सेल्डम हा फार जुना जर्मानिक शब्द आहे, जर्मनमध्ये त्याचा भाऊ ‘झेल्टन’ आणि डचमध्ये ‘झेल्डन’ आजही नांदतात. तो आहे तसाच क्रियाविशेषण आहे, त्याला काही जोडावं लागत नाही.

हे सगळं परीक्षेपुरतं आहे असं समजू नकोस, म्हणून एक प्रसंग सांगते. काही वर्षांपूर्वी शेजारच्या काकांना बीपीसाठी नागपूरला नेलं. दवाखान्यात इंग्रजी फॉर्म होता : ‘हाऊ ऑफन डू यू टेक युवर टॅब्लेट्स?’ खाली पाच चौकोन, ऑलवेजपासून नेव्हरपर्यंत. काका गोळ्या जवळजवळ रोज घेत, वेचणीच्या धावपळीत एखादा दिवस चुकायचा. त्यांच्या मुलानं विचार केला, ‘कधीमधी चुकते’, आणि सेल्डमवर खूण केली. त्याच्या डोक्यात सेल्डम चुकण्याला लागला होता, कागदावर तो घेण्याला लागला. डॉक्टरांनी वाचलं की हा माणूस गोळ्या सहसा घेतच नाही. बीपी वाढलेलं दिसत होतं, त्याचं कारण त्यांना फॉर्मवर मिळालं. त्यांनी त्याच गोळ्या नियमित घ्यायला सांगून परत पाठवलं. काका बिचारे आधीपासून नियमितच घेत होते. महिन्याभरानं पुन्हा जाताना मी सोबत होते, जुना फॉर्म फायलीत दिसला आणि मला धस्स झालं. डॉक्टरांना खरं सांगितलं, त्यांनी लगेच औषध बदललं. यात दोष कोणाचाच नव्हता. बारावी शिकलेला हुशार मुलगा होता तो, फक्त त्याच्या गाइडात सेल्डमसमोर ‘कधीकधी’ छापलेलं होतं. त्या दिवसापासून मी हा एक शब्द वर्गात दोन पूर्ण तासिका घेऊन शिकवते.

बोलताना वापरावा का, असं तू पुढे विचारशील. लिहिताना जरूर वापर, नेमका आणि देखणा शब्द आहे. मुलाखतीत किंवा बोलण्यात तो थोडा पुस्तकी वाटतो. तिथं ‘आय डोन्ट गो देअर व्हेरी ऑफन’ किंवा ‘आय हार्डली एव्हर गो देअर’ जास्त सहज. हार्डली मात्र जपून वापर. ‘ही वर्क्स हार्ड’ म्हणजे तो कष्ट करतो आणि ‘ही हार्डली वर्क्स’ म्हणजे तो फारसं कामच करत नाही. घरातल्या कष्टाळू माणसाबद्दल लिहिताना ही अदलाबदल झाली तर त्याच्यावर अन्याय होतो. ऑफनमधला ‘ट’ म्हणावा की नाही याची चिंता करू नकोस, दोन्ही उच्चार चालतात.

राहिलं तिसरं वाक्य, ‘माय फादर सेल्डम डझन्ट गो टू द फील्ड’. हे कसं झालं ते मला दिसतं आहे. तू मनात ‘बाबा सहसा वावरात जात नाहीत’ असं म्हटलंस, ‘सहसा’ला सेल्डम लिहिलास आणि ‘नाहीत’ला डझन्ट. म्हणजे पोटातलं एक नाही आणि बाहेरचं एक, अशी दोन झाली आणि त्यांनी एकमेकांना खोडलं. तुझ्या वाक्याचा अर्थ आता असा होतो : बाबा वावरात गेले नाहीत असं सहसा होत नाही, म्हणजे ते जवळजवळ रोजच जातात. जात नसतील तर ‘माय फादर सेल्डम गोज टू द फील्ड’ लिही आणि टॅग ‘डझ ही’. रोज जात असतील तर सेल्डम पूर्ण काढ, ‘माय फादर गोज टू द फील्ड ऑलमोस्ट एव्हरी डे’ लिही आणि टॅग ‘डझन्ट ही’. यातलं तुझ्या घरी खरं काय आहे ते मला कळव, त्याप्रमाणे पुढची पाच वाक्यं देते.